शब्द कुठे तोडायचा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आयुष्यभर इंग्रजी शिकवत होते. त्यामुळे विषय निवडायला मला फार वेळ लागला नाही. इंग्रजी शब्दाचे सिलॅबल कसे पाडायचे, एवढाच तो विषय आहे. कार्यवाहांनी फोनवर हळूच विचारलं होतं, "तासभर पुरेल ना?" पुरेल, उरेलही.

आधी शब्दाचा प्रश्न मिटवून टाकतो. सिलॅबलला आपल्याकडे कुणी अक्षर म्हणतं, कुणी अवयव. पण अक्षर म्हटलं की डोळ्यांपुढे कागदावरची आकृती येते. म्हणून 'अक्षर' मी लिहिलेल्यासाठी ठेवतो, आणि कानाला जो ऐकू येतो त्याला सिलॅबल म्हणतो, नाहीतर सरळ 'ठोका'.

हे दोन वेगळे असतात हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. 'सरबत' लिहिताना चार अक्षरं, बोलताना 'सर-बत', दोन ठोके. 'करमणूक' पाच अक्षरांची, पण म्हणताना 'कर-म-णूक'. 'स-र-ब-त' असं तोडून म्हणणाऱ्याकडे आपण वळून बघू. इंग्रजीत हे अंतर फार ताणलं जातं. 'स्ट्रेंग्थ्स' या शब्दात नऊ अक्षरं आहेत आणि ठोका एकच. 'एरिया'त चार अक्षरं, ठोके तीन. 'रिदम' लिहिताना ए, ई, आय, ओ, यू यांतलं एकही अक्षर लागत नाही, तरी ठोके दोन पडतात. म्हणजे अक्षरं मोजून काही हाती लागणार नाही. तोंडातून किती वेळा स्वर, किंवा स्वराच्या जागी बसलेलं म, न, ल सारखं व्यंजन निघालं, हे मोजायचं.

आपल्या शाळांत याची सर्वांत जास्त गल्लत होते ती भूतकाळाच्या 'ई-डी'पाशी. मुलं 'वॉकेड', 'हेल्पेड' वाचतात, कारण 'ई' दिसतो. प्रत्यक्षात 'वॉक्ट', 'हेल्प्ट', एकेक ठोका. पण 'वॉन्टेड', 'नीडेड' मात्र दोन ठोक्यांचे. का? तर मूळ धातूच्या शेवटी आधीच ट किंवा ड आहे आणि त्याला चिकटून दुसरा ड म्हणता येत नाही. मध्ये स्वर घालावा लागतो, आणि स्वर आला की ठोका आलाच. अनेकवचनाचंही तसंच आहे. 'बुक्स' एक ठोका, 'चर्चेस' दोन. हे पाठ करण्याचे नियम नाहीत. जिभेची सोय आहे ती.

आता शब्दकोशाकडे येऊ. इंग्रजी शब्दकोश उघडला, विशेषतः अमेरिकन, तर मूळ शब्दाच्या मध्ये ठिपके दिसतात. बहुतेक विद्यार्थी, आणि बरेच शिक्षकही, हे ठिपके म्हणजे सिलॅबल असं समजतात. ते तसे नाहीत. ओळ संपत आली आणि शब्द मावत नसेल तर जोडरेघ देऊन कुठे तोडावा, एवढंच तो ठिपका सांगतो. तो छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्यासाठी आहे. 'अबाउट' या शब्दाचे ठोके दोन, पण बऱ्याच कोशांत त्यात ठिपका नसतो. ओळीच्या शेवटी एकटा 'ए' लोंबकळत ठेवणं कुठल्याही छापखान्याला मान्य नाही, म्हणून. ठोके किती, हे पाहायचं तर कंसातल्या उच्चाराकडे पाहावं.

हे ठिपके आले कुठून, याची गोष्ट जरा लांबवून सांगतो, कारण ती मला आवडते.

अठराव्या शतकात इंग्रजी मुलखांत टॉमस डिलवर्थ यांचं 1740 चं शब्दलेखनाचं पुस्तक चालत असे. त्यात शब्द लॅटिनच्या शिस्तीने तोडलेले असत. दोन स्वरांमधलं व्यंजन पुढच्या स्वराला द्यायचं. त्यामुळे 'हॅबिट' हा शब्द 'एच-ए' आणि 'बी-आय-टी' असा छापला जाई, 'क्लस्टर' हा 'सी-एल-यू' आणि 'एस-टी-ई-आर' असा. मूल पहिला तुकडा सुटा वाचे तेव्हा तो 'हे' होई, मग 'हे-बिट'. नोआ वेब्स्टर नावाचा कनेक्टिकटमधला तरुण शिक्षक यावर वैतागला. 1783 मध्ये त्याने स्वतःचं पुस्तक काढलं. पुढे ते निळ्या पुठ्ठ्यामुळे ओळखलं जाऊ लागलं आणि शंभर वर्षांत त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. वेब्स्टरचं म्हणणं साधं होतं: तुकडा असा पाडा की मूल तो वाचेल तेव्हा खरा उच्चारच निघेल. म्हणून 'हॅब-इट', 'क्लस-टर'. 'टी-आय-ओ-एन' हे शेपूट डिलवर्थ दोन तुकड्यांत तोडत असे. वेब्स्टरने ते एकच ठेवलं, कारण लोक 'शन' म्हणत होते. 1828 मध्ये त्याचा मोठा कोश आला आणि उच्चारावर तोडण्याची ही रीत अमेरिकन छपाईत घट्ट बसली.

वेब्स्टर हट्टी होता, आणि त्याच्या सुधारणांपैकी बऱ्याच मला पटत नाहीत. पण इथे त्याचा कान अचूक होता. इंग्रजीतले आखूड स्वर, 'हॅबिट'मधला ॲ, 'लेमन'मधला ए, 'सिटी'मधला इ, यांच्यावर आघात असेल तेव्हा ते उघडे राहत नाहीत. त्यांना मागून व्यंजनाचा आधार लागतो. 'ॲ' वर संपणारा एक ठोक्याचा नेहमीचा इंग्रजी शब्द आठवून पाहा, सापडणार नाही. 'बी', 'गो', 'टू' असे लांब स्वरांवर संपणारे हवे तितके. म्हणून 'टायगर' हा 'टाय-गर' तुटतो आणि 'हॅबिट' हा 'हॅब-इट'.

ब्रिटिशांनी मात्र वेगळा मार्ग धरला. ऑक्सफर्डच्या छापखान्यात होरेस हार्ट यांनी जुळाऱ्यांसाठी 1893 मध्ये नियमांची एक पुस्तिका केली. ती 1904 पासून बाहेरही विकली जाऊ लागली. ब्रिटिश छपाईचा कल शब्द कशाचा बनला आहे हे पाहण्याकडे राहिला. त्यामुळे 'नॉलेज' हा शब्द अमेरिकन माणूस 'एल' नंतर तोडतो, कारण उच्चार 'नॉल'. जुना ब्रिटिश जुळारी 'डब्ल्यू' नंतर तोडत असे, म्हणजे 'नो', जाणणे, हा मूळ धातू अख्खा राहतो. दोघांचाही मुद्दा बरोबर आहे, आणि दोघांच्या रेघा वेगळ्या जागी पडतात. एकच भाषा, एकच स्पेलिंग.

आता यंत्राची गंमत. डोनाल्ड कनुथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी त्यांचे स्टॅनफर्डचे विद्यार्थी फ्रँक लिआंग यांनी 1983 मध्ये या प्रश्नावर प्रबंध लिहिला. व्याकरणाचे नियम बाजूला ठेवून त्यांनी खिशातल्या एका वेब्स्टर कोशातले तोडलेले शब्द यंत्राला दिले आणि अक्षरांचे लहान लहान नमुने काढले. इंग्रजीसाठी नमुने निघाले 4,447. प्रत्येक नमुन्यात अक्षरांच्या मध्ये आकडे. विषम आकडा म्हणजे तोडायला परवानगी, सम आकडा म्हणजे मनाई, आणि एकाच जागी दोन आकडे आले तर मोठा जिंकतो. 'हायफनेशन' हाच शब्द घ्या. 'एन-ए' च्या आधी तोडायला एक नमुना 1 देऊन परवानगी देतो. लगेच 'एच-ई-एन' चा नमुना त्याच जागी 2 ठेवून ती काढून घेतो. 'हाय' नंतर 3 येतो आणि तिथे रेघ पडते. एखाद्या सरकारी फायलीवर कारकुनाने हो म्हणावं, वरच्याने नाही, त्याच्या वरच्याने पुन्हा हो, तसा हा कारभार, फक्त क्षणात उरकणारा. या नमुन्यांना कोशातल्या तोडण्याच्या जागांपैकी सुमारे 89 टक्के सापडतात. चुकीच्या जागी तोडण्याचं पाप ते जवळजवळ करत नाहीत. संशय आला की गप्प बसतात. लिआंग यांच्या प्रबंधाच्या शीर्षकात 'हाय-फन-ए-शन' असा शब्द तीन रेघांनी तोडून छापला आहे. त्यांचंच यंत्र त्यात दोन रेघा देतं.

सोबत चौदा शब्दांची एक अपवादांची यादी आहे. त्यात 'प्रेझेंट' आणि 'प्रोजेक्ट' आहेत, आणि त्यांच्यापुढे तोडण्याची एकही जागा दिलेली नाही. कारण उघड आहे. 'प्रेझेंट' नाम असेल तर आघात पहिल्या ठोक्यावर, मग 'प्रेझ-न्ट'. क्रियापद असेल तर आघात दुसऱ्यावर, मग 'प्रि-झेंट'. 'रेकॉर्ड', 'डेझर्ट' यांचंही हेच. वाक्याचा अर्थ कळल्याशिवाय शब्द तोडता येत नाही, आणि यंत्राला अर्थ कळत नव्हता. म्हणून ते शब्द तोडायचेच नाहीत असं ठरलं. हा मला फार शहाणा निर्णय वाटतो. तुलनेसाठी सांगतो, मराठीसाठी असेच नमुने केले गेले आहेत आणि ते मोजक्या ओळींत बसतात. आपल्या लिपीत जवळजवळ कुठल्याही अक्षरानंतर तोडलं तरी चालतं.

इथवर कागदाचं झालं. आता कानाचं, कारण खरी मजा तिथे आहे.

दोन स्वरांमध्ये एकाहून जास्त व्यंजनं आली तर ती वाटायची कशी? इंग्रजीचा कान एक प्रश्न विचारतो: या व्यंजनांनी इंग्रजीत एखादा शब्द सुरू होतो का? 'ॲटलस'मध्ये ट आणि ल आहेत. 'ट्ल' ने इंग्रजी शब्द सुरू होत नाही. म्हणून 'ॲट-लस', वादच नाही. 'कॅप्सूल'मध्ये प आणि स. 'प्स' ने सुरुवात चालत नाही, म्हणून 'कॅप-सूल'. ज्या जोड्या सुरुवातीला चालतात त्यांना शक्यतो पुढे जाऊ द्यायचं. डॅनियल कान यांच्या 1976 च्या एमआयटीमधल्या प्रबंधापासून सिलॅबलचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. पुढे जाता येईल तितकं जाऊ देण्याचं हे तत्त्व तेव्हापासून भाषाशास्त्राच्या वर्गांत नियमाने शिकवलं जातं.

आता हाच प्रश्न घेऊन इंग्रजीतल्या मूक अक्षरांकडे चला. मूक अक्षरं ही आपल्या मुलांची सनातन तक्रार. 'सायकॉलॉजी'त सुरुवातीला 'पी' कशाला? 'निमॉनिक'मध्ये 'एम' कशाला? 'नॉस्टिक'मध्ये 'जी' कशाला? ग्रीकमध्ये हे सगळे उच्चारले जात. इंग्रजीचा कान 'प्स', 'म्न', 'ग्न' यांना शब्दाच्या दारात उभं करत नाही. म्हणून लिहिताना पाहुणे राहिले, बोलताना गेले. पण त्याच मूळ धातूच्या आधी एखादा स्वर येऊ द्या. 'ॲग-नॉस-टिक': ग लगेच बोलू लागला, कारण त्याला मागच्या ठोक्यात जागा मिळाली. 'ॲम-नी-झिया': म परत आला. 'टेरोडॅक्टिल' या उडणाऱ्या सरड्याच्या नावातला सुरुवातीचा 'पी' मूक आहे. पण तोच ग्रीक 'प्टेरॉन', म्हणजे पंख, 'हेलिकॉप्टर'मध्ये आहे, आणि तिथे प स्वच्छ ऐकू येतो. शब्दाची घडण 'हेलिको' आणि 'प्टर' अशी आहे, वळण आणि पंख. पण इंग्रजी तोंडाने तो 'हे-लि-कॉप-टर' असा तोडला आणि प ला 'कॉ'च्या मागे बसवला. व्युत्पत्तीचा सांधा एकीकडे, ठोक्याचा सांधा दुसरीकडे.

'नो', जाणणे, यातला सुरुवातीचा 'के' मूक. 'ॲक्नॉलेज' म्हटलं की क ऐकू येतो. आपल्या 'ज्ञान'चा, त्या 'नो'चा आणि ग्रीक 'नोसिस'चा धातू मुळात एकच. आपणही 'ज्ञ'चं जे काय करून ठेवलं आहे ते पाहता इंग्रजांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शब्दाच्या शेवटीही हेच घडतं. 'ऑटम'च्या शेवटी लिहिलेला 'एन' मुका, पण 'ऑ-टम-नल' म्हणताच तो बोलतो. 'कंडेम'मध्ये मुका, 'कन-डेम-ने-शन'मध्ये बोलका. 'साइन'मधला 'जी' मुका, 'सिग-ने-चर'मध्ये बोलका. 'बॉम'मधला शेवटचा 'बी' मुका, 'बॉम-बार्ड'मध्ये तो पुढच्या ठोक्याचं पहिलं व्यंजन होतो. म न पाठोपाठ आले की एका ठोक्याच्या शेपटीत दोघांना जागा नसते. पुढे स्वर आला की दुसरा तिकडे उडी मारतो. हे शब्द वर्गात जोडीजोडीने फळ्यावर लिहावेत. इंग्रजी स्पेलिंग वेड्यासारखं आहे असं म्हणणाऱ्या मुलाच्या लक्षात येईल की निदान या भागात तरी हिशेब आहे, आणि तो हिशेब ठोक्यांचा आहे.

हा हिशेब मांडणारे आपण पहिले नसलो तरी फार जुने आहोत. वेदपठणातल्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या तैत्तिरीय प्रातिशाख्याच्या एकविसाव्या अध्यायात व्यंजन कुठल्या स्वराचं अंग मानायचं याचा विचार आहे. व्यंजन पुढच्या स्वराचं, शेवटचं असेल तर मागच्याचं, आणि जोडव्यंजनातलं पहिलं मागच्या स्वराचं. वृत्तात 'सत्य'मधला 'स' गुरू होतो तो याचमुळे. आपण लिहितो 'स-त्य', पण कान 'सत्-य' ऐकतो. छंदशास्त्राने लिपीपेक्षा कानावर विश्वास ठेवला. आणि हे प्रातिशाख्य 1871 च्या सुमारास इंग्रजी भाषांतरासह अमेरिकेत संपादून छापणारे कोण? येलचे संस्कृतचे प्राध्यापक विल्यम ड्वाइट व्हिटनी. याच व्हिटनींनी वेब्स्टरच्या कोशाच्या 1864 च्या आवृत्तीसाठी काम केलं आणि पुढे 1889 ते 1891 मध्ये निघालेल्या सेंच्युरी कोशाचे ते मुख्य संपादक होते. एकाच टेबलावर प्रातिशाख्याची सूत्रं आणि इंग्रजी कोशाचे कच्चे खर्डे. त्या टेबलाचा मला हेवा वाटतो.

सीमा चुकीच्या जागी ऐकली गेली की कधीकधी शब्दच बदलतो. इंग्रजीत पूर्वी 'नेप्रन' होतं. 'अ नेप्रन' हे लोकांनी 'ॲन एप्रन' असं ऐकलं आणि न कायमचा मागच्या घरी गेला. उलट 'ॲन ईकनेम', म्हणजे जोडनाव, याचं 'अ निकनेम' झालं. 'ऑरेंज'चा प्रवास आपल्या ओळखीचा: नारंग, अरबीत नारंज, आणि युरोपात रोमान्स भाषांपर्यंत पोचेपर्यंत सुरुवातीचा न गळालेला. हा न इंग्रजीने घालवला नाही, तो आधीच गेला होता. आपलं नारिंग मात्र शाबूत आहे.

आणखी एक खूण, जी मराठी कानाला खरं तर सहज पकडता यायला हवी. इंग्रज माणूस 'टॉप'मधला ट किंचित हवेनं म्हणतो, आपल्या ठ च्या दिशेने झुकलेला. 'स्टॉप'मध्ये मात्र तो कोरडा ट. आता 'मिस्टेक' आणि 'मिस्टाइम' घ्या. 'मिस्टेक'मधला ट कोरडा, म्हणजे स पुढच्या ठोक्यात गेला आहे: 'मि-स्टेक'. 'मिस्टाइम'मधला ट हवेचा, म्हणजे सीमा स आणि ट यांच्यामध्ये आहे: 'मिस-टाइम'. सीमा कुणी लिहून दाखवलेली नाही, पण ट ती सांगतो. ट आणि ठ हे वेगळे वर्ण मानणाऱ्या आपल्या भाषेच्या माणसांना हा फरक ऐकू यावा. पण आपण इंग्रजी शिकताना सगळीकडे कोरडा ट घालतो आणि ही खूण हातची जाते.

इथे 'लेमन'कडे यावं लागतं. पुढे ढकलण्याच्या तत्त्वाने म पुढे जायला हवा: 'ले-मन'. आखूड स्वराला आधार हवा या तत्त्वाने म मागे राहायला हवा: 'लेम-अन'. दोन्ही तत्त्वं खरी, निकाल दोन. कान यांनी म दोन्ही ठोक्यांचा आहे असं मानायला हरकत नाही म्हटलं. लंडनचे जे. सी. वेल्स यांनी 1990 च्या आपल्या उच्चारकोशात व्यंजनं जास्त आघाताच्या ठोक्याकडे दिली आणि त्यावरून बरीच चर्चा झाली. मला वेल्स यांची बाजू पटते, पण पुरावा निर्णायक आहे असं मी म्हणणार नाही. 'फायर' एक ठोका की दोन, यावर तर जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत होत नाही.

म्हणून शेवटी शाळेतल्या त्या प्रश्नाबद्दल बोलतो, जो अजूनही व्याकरणाच्या गाइडमध्ये दिसतो: पुढील शब्द सिलॅबलमध्ये तोडा. हा प्रश्न असाच विचारू नये. ठोके किती, हे विचारावं. त्याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. आघात कुठल्या ठोक्यावर, हे तर विचारलंच पाहिजे. मराठीत आपण ठोके साधारण सारख्या वजनाचे टाकतो आणि ती सवय इंग्रजीत घेऊन जातो. 'फोटोग्राफ', 'फोटॉग्रफर', 'फोटोग्रॅफिक' या तिन्ही शब्दांत आघात वेगळ्या जागी पडतो आणि त्याबरोबर स्वरही बदलतात. आघात कळला तर तोडणं निम्मं आपोआप येतं. सीमा विचारायचीच असेल तर 'ॲटलस', 'ऑटमनल', 'मिस्टाइम' असे शब्द द्यावेत, जिथे उत्तराला कारण आहे आणि ते मुलाला लिहिता येतं. आणि 'लेमन' दिलाच, तर 'ले-मन' आणि 'लेम-अन' या दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यावेत.